ओढतं म्हणून भरायचं नाही

कारंजा (घाडगे) तालुक्यात ऑक्टोबर लागला की रस्ते गजबजतात. आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला आलेला असतो, सोयाबीनची रास घरात पडलेली असते आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाचा पहिला वेचा हाती येतो. तिन्ही माल एकाच हंगामात, एकाच रस्त्यावर. संत्र्याची कॅरेटं पिकअपमध्ये रचून कोंढाळीमार्गे नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघतात, कापूस ट्रॉलीत पायाने तुडवून जिनिंगला जातो, सोयाबीन पोत्यांत भरून यार्डात. वाळू, गिट्टी आणि मुरमाच्या खेपा तर बारमाही. जुना सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो, त्यामुळे शेतातल्या पांदणीवरून निघालेली ट्रॉली दहा-वीस मिनिटांत चाळीस टनी कंटेनरच्या शेजारून धावत असते.

या पुस्तिकेचा विषय त्या ट्रॉलीत आणि त्या पिकअपमध्ये किती भरायचं, एवढाच आहे. विषय छोटा वाटतो. पण हंगामात ट्रॅक्टर उलटल्याच्या, पिकअपचा टायर फुटल्याच्या, उतारावर ट्रॉलीने ट्रॅक्टरला ढकलत नेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा त्यांच्या मुळाशी बहुतेकदा भरतानाच घेतलेला एक निर्णय सापडतो. चालकाची चूक झाली असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. प्रत्यक्षात चालक स्टिअरिंगवर बसण्याआधीच निम्मी गोष्ट ठरून गेलेली असते.

आपल्याकडे ही वेळ कशी आली, ते आधी पाहू. कापसाच्या या मुलखात पूर्वी मालाची वाहतूक बैलबंडीवर चाले. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, पुढे पुलगावहून आर्वीपर्यंत अरुंद रुळाची गाडीही धावू लागली. कारंज्याच्या वाट्याला मात्र रूळ आलेच नाहीत. इथला माल आधी बंडीने, मग ट्रकने आणि ट्रॅक्टरने, म्हणजे सडकेनेच गेला. बंडीची मर्यादा कुणाला कागदावर लिहून द्यावी लागत नसे. जास्त झालं की बैल बसे. २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली, लोकांनी तिचं नाव ‘छोटा हत्ती’ ठेवलं. त्यानंतरच्या वर्षांत पिकअप गाड्या गावोगाव झाल्या. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टरही आता नवलाचा राहिला नाही. इंजिनं वाढली आणि बैलाने बसून दिलेली ती सूचना नाहीशी झाली. नव्या इंजिनाला दुप्पट वजन लावलं तरी ते कुरकुरत का होईना, ओढतं. ते ओढतं, म्हणजे चालतं, असा आपला समज होऊन बसला आहे. ही पुस्तिका त्या समजाविरुद्ध लिहिलेली आहे.

गाडीचं पासिंग म्हणजे इंजिन किती ओढेल याचा आकडा नव्हे. टायर, एक्सल, पाटे, चासी, ब्रेक, ट्रॉली असेल तर हूक आणि पिन, यांतला जो भाग सर्वांत आधी हार मानेल, त्याच्या ताकदीवर तो ठरतो. म्हणून एक भाग मजबूत केला की पासिंग वाढतं, हे खरं नाही. आपल्याकडे नवी पिकअप घेतली की पहिल्याच महिन्यात गॅरेजला नेऊन मागे दोन पाटे वाढवतात. त्यानंतर गाडी मालाखाली बसत नाही, दिसायला ताठ उभी राहते. पण ब्रेकचे लाइनर तेच, एक्सल तोच, टायर तेच. उलट गाडी बसलेली दिसली असती तर जो इशारा मिळाला असता, तोही पाट्यांनी बंद करून टाकला. टायरमध्ये हवा वाढवण्याचंही तसंच. टायरच्या बाजूला भाराचा आकडा छापलेला असतो. १०० असेल तर तो टायर ८०० किलो पेलतो. दहा पौंड हवा जास्त मारली म्हणून तो आकडा बदलत नाही.

आता कॅरेटचा हिशेब मांडू. आरसीवर दोन वजनं असतात: गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे आपल्या हातात असलेली जागा. समजा ती १,३०० किलो निघाली. बागेतून निघताना चालक, मालक आणि उतरवायला दोन हमाल, असे चौघे गाडीत चढतात. ६० किलोप्रमाणे २४० किलो तिथेच गेले. उरले १,०६०. कॅरेटमध्ये वीस किलो फळ आणि कॅरेटचं स्वतःचं वजन धरून २२ किलो झाले, तर ४८ कॅरेटं बसतात. ताडपत्री आणि दोर वेगळेच. आणि बागेत काय होतं?

“भाऊ, अजून दोन थर बसतात ना?”

“बसतात तर. जागा आहे की.”

जागा असतेच. संत्र्याच्या बाबतीत गाडीची जागा संपण्याच्या कितीतरी आधी वजन संपलेलं असतं. ऐंशी कॅरेटं रचली तर कॅरेटांचे १,७६० आणि माणसांचे २४० मिळून दोन टन होतात, म्हणजे सातशे किलो जास्त. वरच्या दोन थरांनी गाडीचा गुरुत्वमध्यही उचलला जातो आणि वळणावर गाडी झोल खाऊ लागते. कापसाचं नेमकं उलटं आहे. सुटा कापूस इतका हलका की ट्रॉली शिगोशीग भरून, वर बांबू लावून, पल्ला ताणून दुमजली केली तरी वजनाची मर्यादा गाठायला वेळ लागतो. तिथे धोका उंचीचा आणि रुंदीचा असतो. बाजूने फुगलेला कापूस मागचे दिवे झाकतो आणि रात्री मागून येणाऱ्याला ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. म्हणून ‘ट्रॉली भरली’ या शब्दांवरून काहीच कळत नाही. कशाने भरली, हे विचारावं लागतं.

वाळूचा आकडा तर प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १,६०० किलो भरते. म्हणजे एक ब्रास वाळूचं वजन साडेचार टन. ओली असेल तर पाच टनांच्या पुढे. ट्रॉलीचं स्वतःचं वजन सव्वा टन धरलं तर मागे पावणेसहा टन झाले. पुढे ट्रॅक्टर असतो दोन टनांचा.

इथे पुस्तिकेतलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण सुरू होतं, ब्रेकचं. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळं थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. एक ढोबळ गणित करून बघावं. दोन टनांच्या ट्रॅक्टरचं साधारण तेराशे किलो वजन मागच्या चाकांवर असतं. डांबरी रस्त्यावर थोडी माती-कचखडी धरली तर त्या चाकांची पकड त्यांच्यावरच्या वजनाच्या साठ टक्के, म्हणजे सुमारे ७८० किलो इतकी. नुसता ट्रॅक्टर ताशी चाळीसच्या वेगाने चालला असेल, तर ब्रेक लागल्यावर सोळा-सतरा मीटरमध्ये उभा राहतो. चारचाकी ट्रॉलीत एक ब्रास वाळू लावली की त्याच पकडीला पावणेआठ टन थांबवायचे असतात. आता त्याच वेगातून थांबायला साठ मीटरच्या वर लागतात. वीसला एक असा उतार लागला, तर निम्मी पकड उतारच खाऊन टाकतो आणि हे अंतर एकशे वीस मीटरच्या पुढे जातं. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. तळेगावच्या बाजूच्या सत्याग्रही घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्याला तर इंजिनाचा अटकावही मिळत नाही.

चढावर इंजिनाची परीक्षा होते, उतारावर ब्रेकची. आपण गाडी घेताना, भाड्याने ठरवताना आणि तिची तारीफ करताना कायम चढाचीच गोष्ट सांगतो. युरोपात ७५० किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. अमेरिकेत अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वर ही सक्ती लागू होते. तिकडे पिकअपच्या मागे होडी, घोड्याची पेटी किंवा फिरतं घर जोडून सुट्टीवर जायची पद्धत आहे. तिथल्या गाडीच्या दारावरच्या पट्टीत गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं, आणि गाडी व ट्रेलर मिळून जोडवजन किती चालेल हेही कंपनी वेगळं सांगते. दोन्ही आकडे पाळावे लागतात. गाडी मर्यादेत, ट्रेलर मर्यादेत, पण जोडी मर्यादेबाहेर, असं सहज घडू शकतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीबद्दल आपण नेमका हाच जोडीचा विचार करत नाही. ट्रॉली बनवणारा वेल्डर ट्रॉलीची ताकद सांगतो, ट्रॅक्टर विकणारा ट्रॅक्टरची. दोघांची जोडी शेतकरी आपल्या वाड्यात लावतो.

वजन किती, याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. हे ज्ञान आपल्याला नवं नाही. बंडी भरताना जुनी माणसं जू हाताने उचलून बघत. भार मागे गेला तर बंडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढे गेला तर बैलांच्या खांद्याला फोड येतात. थोडा भार जुवावर राहील असंच भरायचं, हा नियम. दोनचाकी ट्रॉलीलाही तोच नियम लागू आहे, फक्त बैलाच्या खांद्याच्या जागी हूक आला. अमेरिकेत पिकअपच्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात. त्याहून कमी झाला तर ट्रेलर वेगात शेपटासारखा हलू लागतो. ट्रॅक्टरचा हूक मागच्या एक्सलच्याही मागे असतो, म्हणून तिथे भार जास्त झाला तर पुढची चाकं हलकी होतात. चढावर ती उचलली गेली की स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही. ट्रॉलीच्या मागच्या फळीशी चार पोती जास्त की पुढच्या, हा निर्णय यार्डात दोन मिनिटांचा आहे. रस्त्यावर तो बदलता येत नाही.

आणि ती पिन. बोटभर झिजलेली, मूळची हरवल्यावर सळईचा तुकडा कापून बसवलेली, खाली कॉटरच्या जागी तार पिळलेली पिन प्रत्येकाने पाहिली आहे. पावणेसहा टनांचा धक्का प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला त्या पिनवर येतो. हजारो रुपयांचा माल, लाखांचा ट्रॅक्टर आणि फळीवर बसलेली माणसं तिच्या भरवशावर असतात. पुस्तिकेत पिन, हूक आणि साखळी तपासण्यावर दोन पानं दिली आहेत. ती सर्वांत स्वस्त पानं आहेत, कारण त्यातलं सगळं सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

रस्त्याचंही ऐकायला हवं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की एक्सलवरचा भार वाढतो त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. वीस टक्के जास्त भार म्हणजे दुप्पट झीज. दीडपट भार म्हणजे पाचपट. दुप्पट भार म्हणजे सोळापट. म्हणजे एक्सलवरचा भार दुप्पट करून माल नेला तर खेपा कमी होतात, पण तशा एका खेपेत रस्ता सोळा खेपांइतका झिजतो. आपल्या गावचा जोडरस्ता दोन पावसाळ्यांत का उखडला, याचं उत्तर शोधताना ठेकेदाराचा हिशेब जरूर मागावा. त्याच वेळी आपल्या ट्रॉल्यांचाही मांडावा.

कायद्याचं प्रकरण पुस्तिकेत शेवटी ठेवलं आहे, कारण दंडाच्या भीतीने शिकलेली गोष्ट नाका ओलांडला की विसरली जाते. तरी चार गोष्टी इथेच सांगाव्यात अशा आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ११३ व्या कलमानुसार नोंदणीत लिहिलेल्या एकूण वजनाच्या वर भरलेलं वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. ११४ वं कलम अधिकाऱ्याला गाडी काट्यावर न्यायला सांगण्याचा अधिकार देतं, आणि जादा माल तिथेच उतरवायला लावण्याचाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४ व्या कलमाखाली जादा भाराला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. वजन करू द्यायला नकार दिला तर ४० हजार. मघाच्या हिशेबातल्या जास्तीच्या ३२ कॅरेटांचं भाडं किती होतं, ते ज्याचं त्याने या आकड्याशेजारी लिहून पाहावं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या ट्रकांची एक्सल-मर्यादा वाढवली, चार टायरांच्या एका एक्सलला १०.२ टनांवरून ११.५ टन. त्यामुळे सगळ्यांचंच पासिंग वाढलं असा गैरसमज गावोगाव पसरला. आपल्या गाडीला लागू असतो तो तिच्या आरसीवरचा आकडा.

दुसरी बाब परवान्याची. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येतं. हजारो चालकांची रोजीरोटी त्याने सुरक्षित झाली, हे चांगलंच झालं. पण चारचाकीवर शिकलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी भरल्या पिकअपवर बसू शकतो, म्हणून भाराचं शिक्षण त्याला परवान्यातून मिळणार नाही. ते कुणीतरी द्यावं लागेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: भार ठरवतो कोण? चालक क्वचितच ठरवतो. संत्र्याचा व्यापारी गाडी खेपेवर ठरवतो, म्हणजे जितकी कॅरेटं जास्त तितकं त्याचं भाडं प्रतिकॅरेट कमी. शेतकऱ्याला दुसरी खेप म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी आणि कदाचित पडलेला भाव. गाडीमालकावर हप्ता असतो. चालक रोजाचा, ‘नाही’ म्हणाला तर उद्या दुसरा येतो. अपघातानंतर मात्र गुन्हा पहिल्यांदा त्याच्याच नावावर लागतो. कायद्याने हे काही प्रमाणात ओळखलं आहे. ११३ व्या कलमातच म्हटलं आहे की मर्यादेबाहेर भरलेली गाडी मालकाशिवाय दुसरं कुणी चालवत असेल, तर ते मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. गावाने मात्र अजून ते ओळखलेलं नाही. खेपेऐवजी वजनावर भाडं ठरलं, आणि ते वजन पासिंगच्या आतलंच धरलं, तर निम्मे वाद बांधावरच मिटतील. हे करायला सरकारी आदेश लागत नाही. एका हंगामाच्या सुरुवातीला पाच-दहा बागायतदार, दोन व्यापारी आणि गाडीवाले एकत्र बसले तरी पुरे.

यासाठी इतिहासातलं एक उदाहरण कामाचं आहे. इंग्लंडमध्ये जहाजमालक विमा उतरवून जहाजं वाट्टेल तशी भरत आणि खलाशी बुडत. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने त्याविरुद्ध लढा दिला. १८७६ च्या कायद्याने प्रत्येक जहाजाच्या बाजूला भाररेघ काढणं सक्तीचं झालं आणि १८९० मध्ये ती कुठे काढायची हेही कायद्यानेच ठरवून दिलं. त्या रेघेची ताकद अशी की मर्यादा कप्तानाच्या कागदांतून बाहेर आली आणि धक्क्यावरच्या हमालालाही दिसू लागली. गोड्या पाण्यासाठी वेगळी खूण, खाऱ्या पाण्यासाठी वेगळी.

ट्रॉलीला अशी रेघ काढता येते. तिचा हिशेब पुस्तिकेच्या शेवटच्या तक्त्यात आहे, त्याचा नमुना इथे देतो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद ट्रॉली. आरसीवरून निघालेली भरण्याची मर्यादा तीन टन. कोरड्या वाळूला रेघ तेरा इंचांवर येते, ओल्या वाळूला अकरा इंचांवर, सुट्या सोयाबीनला एकोणतीस इंचांवर. म्हणजे वाळूची ट्रॉली अर्धीसुद्धा भरायची नाही. हे पाहून अनेकांना धक्का बसेल, तसा तो बसायलाच हवा. कारण आजवर आपण फळीची उंची हीच मर्यादा समजत आलो.

ही पुस्तिका वाचणाऱ्याकडून दोन कामांची अपेक्षा आहे. पहिलं, पान उलटण्याआधी आपल्या गाडीची आणि ट्रॉलीची आरसी काढून दोन्ही वजनं कागदावर लिहावीत. ट्रॉलीची नोंदच नसेल तर तिथूनच सुरुवात करावी. दुसरं, एकदा रिकामी आणि एकदा नेहमीसारखी भरून गाडी काट्यावर घ्यावी, आणि दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. त्या दोन पावत्यांतला फरक पाहिल्यावर पुढची प्रकरणं समजावून सांगायची गरज उरणार नाही. मग रंगाचा डबा आणून ट्रॉलीच्या आतल्या बाजूला रेघा ओढाव्यात, प्रत्येक रेघेशेजारी मालाचं नाव लिहावं, आणि पुढच्या वेळी कुणी “अजून बसते ना?” म्हणालं की वाद न घालता त्याला रेघ दाखवावी.